दिसली की चेंगरायची

धायरीत खोली शोधत हिंडत होतो तेव्हा एका लोखंडी फाटकावर पाटी दिसली. ‘दोन खोल्या भाड्याने देणे आहे. नोकरदार मुले चालतील. मांसाहार चालेल. अळीची किळस असणाऱ्यांनी आत येऊ नये.’ बरोबर सुशांत होता, वाशिमचा, माझ्याच कंपनीतला. तो म्हणाला, “जेवण यांच्याकडेच असेल बे, आणि कोबी नीट निवडत नसतील.” आठवडाभर हिंडून आमचे पाय मोडायला आले होते. कोबी तर कोबी, म्हणून आत शिरलो.

अंगणात सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. डोक्याला पांढरी टोपी, अंगात खिशाची बंडी, खाली पायजमा आणि गळ्यात सुतळीने बांधलेली पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. बाटलीत साबणाचं पाणी होतं आणि त्या पाण्यात काहीतरी वळवळत होतं. सुशांत एक पाऊल मागे सरला.

“गाव?” त्यांनी मला विचारलं.

“यवतमाळ.”

“म्हंजे कापूस. बोंडअळी बघितली आसंल.”

“माझे वडील पोस्टात होते.”

“पोस्टाला खिडकी न्हवती व्हय?”

एवढ्यावर मुलाखत संपली. कंपनी कुठली, लग्न झालंय का, मित्र येतात का, असलं त्यांनी काहीच विचारलं नाही. आम्हाला घराच्या मागे नेलं आणि बोटाने दाखवलं, “सात अन् आठ तुझ्या. नऊ अन् दहा ह्याच्या.” मला वाटलं पार्किंग दाखवतायत. ते मक्याच्या ओळी दाखवत होते.

घरामागे दहा गुंठे मका होता आणि मक्याच्या तिन्ही बाजूंना सात-सात मजल्यांच्या सोसायट्या. बिल्डरने ते फ्लॅट ‘फार्म व्ह्यू’ म्हणून विकले होते. व्ह्यू विकला गेला, फार्म मात्र त्याला मिळालं नव्हतं, कारण ते आमच्या मालकांचं होतं. आम्ही त्यांना मालकच म्हणायचो. अख्खी गल्ली मालकच म्हणायची. भाडेकरू आम्ही सहा जण होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन ओळी. भाडं दोन दिवस उशिरा दिलं तर मालक हूं की चूं करत नसत, पण ओळ बघायची राहिली तर दारात येऊन उभे राहायचे.

त्या सुमारास मक्यावर लष्करी अळी आपल्याकडे नवीनच आली होती. मूळची अमेरिकेची. हे कळल्यापासून मालक तिच्याशी फार अदबीने वागत. पोंगा, म्हणजे मक्याच्या शेंड्याची ती गुंडाळलेली पानं, दोन बोटांनी उघडून आत डोकावत आणि म्हणत, “या, या. लांबचा प्रवास झाला. चहा घेणार?” आणि मग तिला बाटलीत टाकत. माझे साहेबही अमेरिकेतच होते. मालकांच्या हिशेबी हा सरळ देवाणघेवाणीचा मामला होता. “तू हिकडनं काम पाठीवतोस, त्यांनी तिकडनं अळी पाठीवली. सगळं खुलं झालं म्हणत्यात ना, ते हे.”

आमची रात्रपाळी. कंपनीची गाडी सकाळी साडेसहाला फाटकाशी सोडायची. डोळ्यांवर झोप, गळ्यात ओळखपत्र, पाठीला लॅपटॉप, अशा अवतारात मी थेट सात नंबरच्या ओळीत जायचो. सुरुवातीला मी कुरकुर केली तेव्हा मालक म्हणाले, “अरं, ही अळी अन् तू, दोघंबी रातपाळीचे. उन्हं वर आली की ती पोंग्यात जाऊन झोपती, तू खोलीत. तिला झोपायच्या आधी गाठायची.” एकदा साहेबांबरोबरचा फोन लांबला म्हणून मी तो कानाला लावूनच ओळीत शिरलो आणि भली मोठी अळी दिसताच ओरडलो, “फाउंड इट!” पलीकडे अमेरिकेत सगळ्यांना वाटलं, आठवडाभर छळणारी चूक सापडली. माझं अभिनंदन झालं.

मालकांची शिकवण थोडक्यात होती. “आधी खिडकी, मग भोक, मग भुसा.” बारीक अळी पानाचा हिरवा थर खरवडते, तिथे पारदर्शक चट्टा दिसतो, ती खिडकी. मोठी झाली की भोकं पाडते आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी घाण साचते. “खिडकीपाशी धरली तर मका तुझा. भुशापाशी गेली तर तिचा.” ओळखायची कशी, तर डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. “तुझ्यासारखंच ओळखपत्र हाय तिला, फकस्त गळ्यात घालत न्हाई.” मोठी अळी बाटलीत टाकायची. बारकी अळी आणि पानाखालचा अंड्यांचा पुंजका मात्र जागच्या जागी चिमटीत धरायचा. त्यासाठी त्यांचं एक वाक्य होतं आणि ते दिवसातून वीस वेळा ऐकू यायचं, “बघत बसायचं न्हाई, मोजत बसायचं न्हाई. दिसली की चेंगरायची.”

सुशांत पहिल्या दिवशी किंचाळला होता. चौथ्या दिवसापासून तो चेंगरायला लागला आणि महिन्याभरात तर कँटीनमध्ये कोथिंबिरीचं पान उलटून बघितल्याशिवाय खात नसे.

विषारी औषध मालक मारत नसत. तिन्ही बाजूंना बाल्कन्या, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे आणि रांगणारी पोरं. “फवारा मारला की वारा कुणाच्या वरणात नेऊन टाकंल, सांगता येतंय?” म्हणून त्यांचे उपाय सगळे हाताचे. टाल्कम पावडरच्या जुन्या डब्यात वाळू आणि थोडा चुना भरून ते पोंग्यापोंग्यात चिमूटभर टाकत. ही वाळू त्यांच्या मुलाची. संजूदादा वाळू-सिमेंटचा धंदा करायचे आणि त्यांचा ढीग फाटकाबाहेर पडलेला असायचा. “संज्याची वाळू पैल्यांदाच चांगल्या कामाला लागली,” असं मालक त्यांच्यासमोरच म्हणत. निंबोळीचा अर्क मालकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पातेल्यात भिजवायच्या. त्याचा वास असा की आमची खोली दाखवावी लागायची नाही, पाहुणे नाकाने यायचे. लोकांनी टाकून दिलेल्या टीव्हीच्या अँटेना गोळा करून मालकांनी त्या मक्यात पक्ष्यांना बसायला रोवल्या होत्या. त्यांवर कोतवाल बसायचे आणि अळ्या टिपायचे. “पुण्यात थांब्यावर बस थांबत न्हाई,” मालक म्हणायचे, “माझ्या थांब्यावर पाखरू थांबतं.”

आणि कामगंध सापळा. प्लॅस्टिकच्या नळीत मादीच्या वासाची गोळी ठेवलेली, त्या वासाने नर पतंग येतो आणि अडकतो. सुशांतचं तेव्हा लग्न जमवणं चालू होतं. तो म्हणाला, “मालक, ही तर आमची मॅट्रिमोनी साइट झाली.”

मालक म्हणाले, “तितं निदान मादी आसती.”

एकदा ते शेजारच्या सोसायटीच्या सभेलाच जाऊन बसले. सगळ्यांना वाटलं, सांडपाण्याची तक्रार घेऊन आले. त्यांची तक्रार वेगळीच होती. “तुमच्या गच्चीवरच्या दिव्याला पतंग येत्यात अन् अंडी माझ्याकडं घालत्यात. पाहुणे तुमचे, बाळंतपणं मी काढू?” चेअरमन पक्के पुणेकर. ते शांतपणे म्हणाले, “आपण लेखी अर्ज द्यावा. पुरावा जोडावा.” दुसऱ्या दिवशी मालकांनी अर्ज दिला आणि पुरावा म्हणून अंड्यांच्या पुंजक्यासकट मक्याचं पान टाचणीने जोडलं. अर्ज फायलीत गेला. चार दिवसांनी फाईल उघडली तेव्हा पुरावा कपाटभर पसरला होता. त्या संध्याकाळपासून गच्चीवरचा दिवा बंद झाला.

संजूदादा समोरच्याच सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहत. चाळिशीचा, भला माणूस. पण बापाचा हा दहा गुंठ्यांचा हट्ट त्यांच्या डोक्यावरून जायचा. सगळ्यांनी जमिनी बिल्डरला दिल्या, आपलंच घोडं कुठं अडलंय? कागद तयार होते, फाईल त्यांच्या गाडीत होती, फक्त मालकांची सही नव्हती. एका रविवारी चहा पिताना त्यांनी पुन्हा विषय काढला. मी तिथेच पायरीवर बसलो होतो.

“आप्पा, यंदा ही अळी तुमचा मका खाणारच हाय. माणसं म्हणत्यात, हिला औषधाशिवाय इलाज न्हाई. मग कशाला?”

मालकांनी बशी खाली ठेवली. “खाल्ला तर सही करतो.”

“खाल्ला म्हंजे किती खाल्ला?”

तिथेच ठरलं. पंधरा ऑगस्टला सकाळी मोजायचं. पाच ठिकाणी, दर ठिकाणी ओळीने वीस झाडं, अशी शंभर झाडं. दहा झाडांत जिवंत अळी सापडली तर मालकांनी त्याच दिवशी सही करायची. नऊपर्यंत सापडली तर संजूदादांनी पुन्हा विषय काढायचा नाही. मोजणार संजूदादा. मालकांनी बांधाच्या आत पाऊल टाकायचं नाही. काकू आतून म्हणाल्या, “बाप-लेक हायेत का शेजारी?”

यानंतर जे घडलं ते मी घडवलं. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

जुलैतल्या एका शनिवारी मालक भल्या पहाटे सासवडकडे एका नातेवाइकाच्या दहाव्याला गेले होते. आम्ही पाळी संपवून आलो. मी सात नंबरच्या ओळीत शिरलो आणि तिसऱ्याच झाडाशी थांबलो. पानाखाली पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद स्टेपलरने टाचलेला होता. कागदावर बारीक काळपट अंडी. दहावीस नव्हे, शेकड्याने. पुढे आणखी एक. त्यापुढे आणखी एक. सगळ्या शेतात कुणीतरी पद्धतशीर अंडी टाचून ठेवली होती.

सुशांतला हाक मारली. तो म्हणाला, “हा सरळ हल्ला आहे बे. आपल्याकडे बाहेरून व्हायरस सोडतात तसा.” कुणाचा हल्ला? मका बुडाला तर फायदा कुणाचा, हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता. शिवाय संजूदादांच्या दुकानात स्टेपलर होता. तो आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिला होता.

तासाभरात आम्ही एकूण एक कागद काढला. बादली भरली. काकू अंगणात बंब पेटवत होत्या, त्यांना दाखवली. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी बादली बंबात उपडी केली आणि आत जाऊन मुलाला फोन लावला.

“बापाच्या शेतात अंडी चिकटवायला लाज न्हाई वाटली तुला?”

संजूदादा तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात चार माणसांत बसले होते आणि फोन स्पीकरवर होता.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्या पाण्याने अंघोळी केल्या आणि मोहीम फत्ते केल्याच्या समाधानात झोपलो. दुपारी मालक आले ते पिशवी न ठेवताच मक्यात गेले. बाहेर आले तेव्हा टोपी हातात होती.

“माझी कार्डं कुणी काढली?”

“कसली कार्डं?” मी विचारलं.

“पानाखाली टाचलेली. काल सांजच्याला दोन तास घालून लावली मी. हिलाबी बोललो न्हवतो.”

काकूंनी बंबाकडे बघितलं. मी काकूंकडे. मालकांनी बंबाकडे बघितलं आणि काय ते समजले. ते पायरीवर बसले आणि सावकाश सांगू लागले. ती अंडी अळीची नव्हतीच. त्यांत चिलटाहून बारीक अशी एक माशी वाढत होती. ती बाहेर पडून लष्करी अळीच्या अंड्यांत आपली अंडी घालते आणि अळी जन्मायच्या आधीच संपते. ही कार्डं त्यांनी एका प्रयोगशाळेत दोन हेलपाटे घालून मिळवली होती.

“माझी फौज जाळली तुम्ही,” ते म्हणाले. “अंघोळीसाठी.”

मी म्हणालो, “मालक, मी आजच खोली सोडतो.”

“सोडून कुठं जातोस? सात अन् आठ कोण बघणार?” मग म्हणाले, “चूक माझी हाय. अंडं दिसलं की चेंगर, एवढं शिकिवलं. आपलं कोणचं अन् परकं कोणचं, हे शिकवायचं ऱ्हायलं.”

संध्याकाळी संजूदादा आले. ते ओरडतील या तयारीने मी उभा होतो. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. “आप्पा, मी आसलं करीन?” एवढंच विचारलं.

“मला न्हाई वाटलं. मी हितं न्हवतोच,” मालक म्हणाले.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. त्या चहा टाकायला उठल्या, पण संजूदादा चहा न घेताच गेले. मी त्या घरात राहायला आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं. मका जाण्यापेक्षा मला त्या न घेतलेल्या चहाचं जास्त लागलं.

नवी कार्डं पंधरा ऑगस्टनंतरच मिळतील असं प्रयोगशाळेने कळवलं. उरले आमचे हात. पुढचे तीन आठवडे घरातली झाडून सगळी माणसं सकाळ-संध्याकाळ मक्यात होती. वरच्या मजल्यावरची भाडेकरू पोरं, काकू, मी, सगळे. सुशांतने कुठल्या ओळीत किती अळ्या सापडल्या याचा तक्ता संगणकावर केला, त्यात रंग भरले आणि मालकांना दाखवला. मालकांनी तो नीट बघितला, छान आहे म्हणाले आणि विचारलं, “ह्यात किती मेल्या?” मी माझ्या जुन्या कंपनीच्या ओळखपत्राची निळी पट्टी मालकांना बाटलीसाठी दिली, कारण सुतळीने त्यांची मान सोलवटली होती. त्यांनी ती ऐटीत गळ्यात घातली. “आता मीबी आयटीतला,” म्हणाले. त्या दिवसांतलं त्यांचं हे एकच हसणं मला आठवतं.

पंधरा ऑगस्टला सोसायटीचं झेंडावंदन उरकून संजूदादा आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट. फाटकाबाहेर गाडी, गाडीत फाईल. आकडा लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मालकांनीच सोपवलं. “ह्यानं दोघांचंबी वाटोळं केलंय. हा कुणाची बाजू घेणार न्हाई.”

मालक बांधावर बसले. आम्ही आत शिरलो. संजूदादा झाडाशी थांबत, पोंगा उघडत, बघत आणि “न्हाई” किंवा “हाय” म्हणत. बोलणं तेवढंच. पहिल्या वीस झाडांत दोन. पुढच्या विसांत एक. तिसऱ्या ठिकाणी तीन. चौथ्या ठिकाणी दोन. आठ झाल्या. शेवटची वीस झाडं सात नंबरच्या ओळीतली निघाली, म्हणजे माझी.

चौदाव्या झाडाला “हाय” आलं. नऊ.

पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, न्हाई. विसाव्या झाडाच्या कोवळ्या पानावर ताजी खिडकी मला लांबूनच दिसली. संजूदादांनाही दिसली. त्यांनी पोंगा उघडला. आत बोटाच्या पेराएवढीही नसलेली अळी होती, डोक्यावर उलटा वाय, चांगली जिवंत. मी दहाचा आकडा लिहायला पेन टेकवला.

आणि संजूदादांचा अंगठा पुढे गेला.

चट्ट असा बारीक आवाज झाला. मग आम्ही दोघांनी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. तो हिरवा झाला होता. लहानपणी मालक त्यांना शाळेत जाण्याआधी याच मक्यातून फिरवायचे, तेव्हा खोडकिडा असायचा, हे काकूंनी मला सांगितलं होतं. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत हा माणूस पोंग्याला शिवला नव्हता. डोकं बिल्डरकडे गेलं होतं, अंगठा इथेच राहिला होता.

“किती रं?” बांधावरून मालकांनी विचारलं.

संजूदादांनी पोंग्याची पानं पुन्हा मिटली. ते काय सांगतील ते मला कळेना.

“नऊ,” ते म्हणाले. “अन् एक मेलेली.”

“मेलेली कवापासनं?”

“आत्तापासनं.”

मालक उठले. बांधावर उभे राहून त्यांनी मुलाकडे असं बघितलं की मी नजर वळवली. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, “जिवंत मोजायची ठरलं हुतं.”

“ठरलं हुतं,” संजूदादा म्हणाले, आणि अंगठा पांढऱ्या पँटला पुसला. काकू धावत आल्या, “आरं, डाग जायाचा न्हाई त्यो!” त्या डागाकडे बघून आधी संजूदादा हसले, मग मालक, मग मी. त्या दिवशी संजूदादांनी दोन वेळा चहा घेतला. फाईल गाडीतून खाली उतरलीच नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी कोथरूडला राहायला गेलो. मालक त्यानंतर तीन पावसाळे होते. गुडघे गेल्यावर बांधावर खुर्ची टाकून बसायचे आणि भाडेकरूंना लांबूनच खिडक्या दाखवायचे. ते वारले तेव्हा मी धायरीला गेलो होतो. परत येताना मक्याकडे वळून बघितलं नाही, कारण पुढच्या खेपेला तिथे क्रेन असणार याची मला खात्री होती. मला मालकांची फार आठवण येते, आणि ती भलत्याच ठिकाणी येते. परवा मंडईत कणसं घेताना मी साल सोलून आत बघायला लागलो तर बाई म्हणाली, “घ्यायचंय का तपासायचंय?”

गेल्या जुलैत संजूदादांचा फोन आला. “कुठं हाय तुम्ही? पाटी लावून महिना झाला, भाडेकरूच मिळंना. बायको म्हणती, ते अळीचं शेवटचं वाक्य काढा. मी काढलं न्हाई.” मग म्हणाले, “माणसं कमी पडत्यात. रविवारी येता का? सात अन् आठ कुणाला दिल्या न्हाईत.”

मी सकाळी साडेसहाला फाटकाशी पोचलो. संजूदादा अंगणात उभे होते. डोक्याला टोपी नव्हती, पण गळ्यात माझ्या जुन्या कंपनीची निळी पट्टी होती आणि तिला साबणाच्या पाण्याची बाटली.

“उशीर केला,” ते म्हणाले. “खिडक्या पडल्यात.”

मी चपला काढल्या आणि सात नंबरच्या ओळीत शिरलो.